वैऱ्याच्या घरी पाहुणा: फ्रान्स-जर्मनीच्या मुलांकडून एक धडा



परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्हिसा, विमानाचे तिकीट, बँकेचे कर्ज आणि शेवटी नोकरी येते. त्यात गैर काही नाही. पण शिक्षणासाठी दुसऱ्या देशात जाण्याची आणखी एक रीत जगात रूढ आहे. तिच्यात मुलगा पदवीसाठी जात नाही की पगारासाठी जात नाही. तो दुसऱ्या देशातल्या एका कुटुंबात राहतो, तिथल्या शाळेत बसतो, आणि पुढे त्या घरचा मुलगा त्याच्या घरी येऊन राहतो. याला शैक्षणिक देवाणघेवाण म्हणतात.

आज आपण या रीतीचा अभ्यास करणार आहोत. त्यासाठी उदाहरण मुद्दाम कठीण घेतले आहे, ते फ्रान्स आणि जर्मनीचे. ज्यांचे आधीच पटते त्यांच्यात मैत्री वाढवणे सोपे असते. ज्यांनी एकमेकांची मुले मारली त्यांच्यात ती कशी रुजली, हे समजून घेण्यासारखे आहे.

१. वैराचा वारसा

१८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत हे दोन शेजारी तीन वेळा लढले. अल्सास हा सरहद्दीवरचा प्रांत या काळात चार वेळा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला: १८७१, १९१८, १९४० आणि १९४५ साली. म्हणजे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपले गाव न सोडता चार वेळा देश बदललेला असे. १९१६ साली व्हर्दून येथे जवळजवळ दहा महिने एकच लढाई चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले. १० जून १९४४ रोजी ओराडूर या फ्रेंच गावात जर्मन एस.एस. सैनिकांनी सहाशेहून अधिक माणसे मारली. त्यांतल्या बायका-मुलांना त्यांनी गावच्या चर्चमध्ये कोंडले होते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैर रणांगणावर जन्मते, पण ते वाढते घरात. आजोबा नातवाला सांगतात, आई लेकाला सांगते, शाळेचे पुस्तक त्याला दुजोरा देते. या दोन देशांत 'पिढीजात शत्रू' असा शब्दच रूढ झाला होता. शेतजमिनीसारखे वैरही वारसाहक्काने मिळत होते. ज्या मुलाने समोरच्या देशाचा एकही माणूस पाहिलेला नाही, तोही त्या देशाचा द्वेष करायला शिकलेला असे.

२. पहिली पावले कोणी टाकली?

सरकारांच्या आधी साधी माणसे पुढे आली. त्यांतली काही आपल्याच ख्रिस्तसभेची होती, म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

मोंतोबाँ या धर्मप्रांताचे बिशप पिएर-मारी तेआस यांनी १९४२ साली ज्यू लोकांच्या धरपकडीविरुद्ध आपल्या धर्मप्रांतात पत्र वाचायला लावले होते. १९४४ साली जर्मनांनी त्यांना पकडून काँपियेनच्या छावणीत ठेवले. तिथे त्यांनी आपल्या सोबतच्या कैद्यांना शत्रूवर प्रीती करण्याविषयी प्रवचन दिले. ज्यांच्या अंगावर अजून मार ताजा होता, त्यांना हे ऐकणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. सुटका झाल्यावर १९४५ साली मार्थ दोर्तेल-क्लोदो या शिक्षिकेबरोबर त्यांनी 'पॅक्स क्रिस्ती' ही चळवळ सुरू केली. तिचा पहिला हेतू फ्रेंच आणि जर्मन लोकांचा समेट हाच होता.

येशूसंघीय धर्मगुरू फादर जाँ द्यु रिव्हो यांनी नाझी छळछावणी स्वतः भोगली होती. युद्ध संपताच, १९४५ सालीच, त्यांनी जर्मनीतल्या ओफेनबुर्ग येथे एक संस्था उभी केली आणि दोन नियतकालिके सुरू केली. फ्रेंच भाषेतले नियतकालिक फ्रेंचांना जर्मनीविषयी सांगे आणि जर्मन भाषेतले जर्मनांना फ्रान्सविषयी. तरुणांच्या भेटीगाठीही त्यांनी घडवून आणल्या.

१९५० साली फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुड्विग्सबुर्ग या दोन गावांनी एकमेकांशी नाते जोडले. दोन देशांतली ही पहिली गावजोडी. माँबेलियारचे महापौर ल्युसिआँ थाराद्याँ हे बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले गृहस्थ होते. पुढे अशा जोड्या दोन हजारांच्या वर गेल्या.

या तिघांत एक साम्य दिसते. ज्यांना सूड घेण्याचा सर्वांत जास्त 'हक्क' होता, त्यांनीच हात पुढे केला. जखम न झालेल्या माणसाने क्षमेचा उपदेश केला असता तर तो कोणी ऐकला असता का?

३. रीम्सची मिस्सा आणि एलिझे करार

८ जुलै १९६२, रविवार. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सलर कोनराड आडेनाउअर रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला एकत्र उभे राहिले. दोघेही कॅथोलिक. आडेनाउअर त्या वेळी ८६ वर्षांचे होते. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक याच कॅथेड्रलमध्ये होत असत. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्याने ते पेटले होते. आणि याच शहरातील एका शाळेच्या इमारतीत ७ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या होत्या.

दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९६२ रोजी, द गॉल लुड्विग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांसमोर बोलले, तेही जर्मन भाषेत. ही भाषा ते शाळेत शिकले होते. १९१६ साली व्हर्दूनच्या लढाईत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. पाच वेळा त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला. त्या माणसाने आपल्या जुन्या तुरुंगरक्षकांच्या मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलावे, याचा परिणाम मोठा झाला.

२२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये एलिझे करार झाला. त्याच वर्षी ५ जुलैला 'फ्रेंच-जर्मन युवक कार्यालय' स्थापन झाले. ते आजही चालू आहे. दोन्ही सरकारे त्याचा खर्च निम्मा-निम्मा उचलतात. १९६३ पासून नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी त्याच्या कार्यक्रमांत भाग घेतला आहे.

४. हे काम चालते कसे?

हे कार्यालय बहुतेक कार्यक्रम स्वतः भरवत नाही. शाळा, गावे, क्रीडामंडळे, संगीतमंडळे, तरुणांच्या संघटना योजना आखतात, आणि कार्यालय त्यांना पैसा, मार्गदर्शन व प्रशिक्षण पुरवते. जे काम खालच्या पातळीवर नीट होऊ शकते ते वरच्याने हिसकावून घेऊ नये, हे तत्त्व आपल्याला पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकामुळे परिचित आहे. ते इथे प्रत्यक्ष वापरात दिसते.

कार्यक्रम नाना प्रकारचे असतात. कधी वर्गच्या वर्ग आठवडाभरासाठी जातो. कधी सुतारकाम वा पाककला शिकणारी मुले दुसऱ्या देशातल्या कारखान्यात किंवा हॉटेलात काम शिकायला जातात. शाळकरी मुलांसाठी २००० सालापासून 'व्होल्तेर' नावाची योजना आहे. तिच्यात फ्रेंच मूल आणि जर्मन मूल यांची जोडी लावतात. सहा महिने दोघे एकाच्या घरी राहतात, पुढचे सहा महिने दुसऱ्याच्या घरी. एकाच शाळेत जातात, एकाच टेबलावर जेवतात. राहण्या-जेवण्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही, कारण आज मी पाहुणा असलो तर उद्या यजमान आहे.

या शेवटच्या वाक्यात सगळे मर्म आहे. जो फक्त पाहुणा होतो तो उपकाराखाली दबतो. जो फक्त यजमान होतो त्याला मोठेपणाची सवय लागते. दोन्ही भूमिका आळीपाळीने वाट्याला आल्या म्हणजे दोघे एका पातळीवर येतात.

५. माहीत असणे आणि ओळखणे

आता थोडा तत्त्वविचार करू. मराठीत आपण म्हणतो, 'मला त्या गावाची माहिती आहे', आणि 'मी त्या माणसाला ओळखतो.' ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. गंमत अशी की फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषांतही हा भेद आहे. फ्रेंचमध्ये 'साव्हवार' म्हणजे माहीत असणे आणि 'कोनेत्र' म्हणजे ओळखणे. जर्मनमध्ये 'व्हिसेन' आणि 'केनेन'.

१९१४ साली या दोन देशांना एकमेकांची माहिती भरपूर होती. नकाशे होते, व्यापार होता, विद्वानांचा पत्रव्यवहार होता. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे संगीत ऐकत, ग्रंथ वाचत. तरीही ते लढले. माहिती वैराला अडवू शकली नाही. उलट, शत्रूच्या किल्ल्याची माहिती तोफ डागायलाही उपयोगी पडते. ओळख मात्र वेगळी असते. ज्या आईने मला ताप आला असता रात्रभर उशाशी बसून काढली, तिच्या घरावर बाँब टाकायला माझा हात सहज उचलणार नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात ते १९४० पासून पाच वर्षे जर्मनांचे युद्धकैदी होते. छावणीत कागद मिळत नसे. तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांच्या एका ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर त्यांनी त्या पुस्तकाच्याच समासात बारीक अक्षरात लिहून काढले. १९५० साली ते प्रसिद्ध झाले. पुढे उतारवयात रिकर यांनी भाषांतराला एक प्रकारचे आतिथ्य मानले: दुसऱ्याच्या भाषेत जाऊन राहणे, आणि दुसऱ्याचा शब्द आपल्या घरी आणून त्याला बसायला जागा देणे. शैक्षणिक देवाणघेवाण म्हणजे पुस्तकाऐवजी आयुष्यात केलेले हेच आतिथ्य होय.

६. नुसती भेट पुरत नाही

माणसे एकत्र आली की आपोआप प्रेम वाढते, असे मात्र समजू नये. तसे असते तर भावकीत भांडणे झाली नसती! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. भेटीमुळे पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर चार गोष्टी हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते:

(अ) दोघांचा दर्जा समान हवा. मालक आणि नोकर वर्षानुवर्षे एका घरात राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

(आ) दोघांचे ध्येय एक हवे.

(इ) ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागायला हवी. नुसती शर्यत नको.

(ई) मोठ्यांचा, कायद्याचा, संस्थेचा त्याला पाठिंबा हवा.

फ्रान्स-जर्मनीच्या योजनेत या चारही गोष्टी दिसतात. खर्च निम्मा-निम्मा, म्हणून दर्जा समान. शाळेचा अभ्यास किंवा गावचे नाटक हे ध्येय एक. भाषा येत नाही म्हणून एकमेकांचा आधार घ्यावाच लागतो. आणि पाठीशी दोन सरकारांचा करार.

आणखी एक गोष्ट तिथे घडली, ती म्हणजे मुलांचा शब्द ऐकला गेला. जानेवारी २००३ मध्ये कराराच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त बर्लिनमध्ये दोन्ही देशांतल्या सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची युवक-संसद भरली होती. दोन्ही देशांसाठी इतिहासाचे एकच पुस्तक करा, अशी मागणी त्या मुलांनी केली. सरकारांनी ती उचलून धरली. पहिला भाग २००६ साली निघाला आणि तिसरा २०११ साली. मजकूर एकच, एक आवृत्ती फ्रेंच आणि दुसरी जर्मन. ज्या पुस्तकांनी एके काळी वैराला दुजोरा दिला होता, त्यांच्या जागी हे पुस्तक आले.

७. समेट म्हणजे विसरणे नव्हे

कोणी म्हणेल, 'फादर, मग ओराडूरच्या मेलेल्यांचे काय? मुले सहलीला जातात म्हणून त्यांना विसरायचे का?' प्रश्न रास्त आहे. उत्तरही तिथेच मिळते. ओराडूरचे जळके गाव फ्रान्सने तसेच राखून ठेवले आहे. ४ सप्टेंबर २०१३ रोजी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसह त्या अवशेषांत गेले. तिथे जाणारे ते पहिले जर्मन राष्ट्राध्यक्ष. गुन्हा झाला तेव्हापासून एकोणसत्तर वर्षे लोटली होती. इतका काळ जावा लागला. मैत्री झाली म्हणून सत्य पुसले गेले नाही. उलट मैत्री झाल्यामुळे सत्याजवळ एकत्र उभे राहणे शक्य झाले.

या योजनांना मर्यादाही आहेत. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरची मुले पुढे सरसावतात आणि गरीब घरची मागे राहतात. म्हणून युवक कार्यालयाला अशा मुलांसाठी खास प्रयत्न करावे लागतात. काही जण फक्त मौज करून परत येतात. आणि नव्या पिढीला युद्ध आठवत नाही, म्हणून मैत्रीची किंमतही कळत नाही. शांतता वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने शिकावी लागते.

८. इतर देशांत

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा प्रयत्नांना जगभर बळ आले. अमेरिकेत सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ साली कायदा झाला. परदेशांत पडून राहिलेले जादा युद्धसाहित्य विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थी आणि अध्यापकांची देवाणघेवाण सुरू झाली. भारताने अमेरिकेशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला. २००८ पासून या शिष्यवृत्तींना 'फुलब्राइट-नेहरू' असे नाव आहे आणि भारत सरकार खर्चाचा समान वाटा उचलते. युरोपात १९८७ साली 'इरॅस्मस' योजना ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आता तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे.

९. आपल्यासाठी धडा

आपली मुले-मुली शिकायला बाहेर जातात. अलीकडच्या वर्षांत जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी झाली आहे. पण जाणे म्हणजे देवाणघेवाण नव्हे. परदेशात चार भारतीय मुलांनी एक खोली घेतली, आपलेच जेवण केले, आपल्याच भाषेत बोलले आणि पदवी घेऊन परतले, तर त्यांना त्या देशाची माहिती झाली, ओळख झाली नाही. म्हणून जाणाऱ्यांना माझे तीन शब्द: तिथली भाषा शिका, निदान घरगुती बोलण्यापुरती. तिथल्या एका तरी कुटुंबाच्या घरी जेवायला जा. आणि त्या कुटुंबाला आपल्या घरी यायचे खरे आमंत्रण द्या.

मागे राहणाऱ्या आईवडिलांनाही एक सांगणे आहे. 'तिकडची माणसे अशीच असतात' हे वाक्य घरात बोलताना जरा थांबा. मुले ऐकत असतात. फ्रान्स आणि जर्मनीचे वैर स्वयंपाकघरात वाढले होते, हे आपण वर पाहिले.

आणि विमानात बसण्याची गरज प्रत्येकाला नाही. आपल्याच महाराष्ट्रात दुसऱ्या धर्मप्रांतात आपली माणसे आहेत. त्यांची बोली वेगळी, जेवण वेगळे, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या. सुट्टीत आपली चार-सहा मुले तिथल्या घरांत आठवडाभर राहिली, आणि पुढच्या सुट्टीत तिथली मुले आपल्याकडे आली, तर खर्च एस.टी.च्या तिकिटाचा. मात्र अट एकच: त्यांना सभागृहात उतरवायचे नाही, घरात ठेवायचे. ज्यांना आपले घर उघडायचे आहे त्यांनी मिस्सेनंतर मला भेटावे. पाच कुटुंबे तयार झाली तरी आपण येत्या मे महिन्यात सुरुवात करू.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात मदत करणारा परका होता, हे आपल्याला पाठ आहे. पण जखमी माणसाच्या बाजूनेही एकदा विचार करून पाहा. ज्यांच्याशी आपले जमत नाही अशा माणसाच्या हातून पाणी पिणे, त्याच्या जनावरावर बसणे, हेही त्याला शिकावे लागले असेल. देणे जसे शिकायचे असते तसे घेणेही शिकायचे असते. देवाणघेवाण या शब्दात दोन्ही आहेत.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणत्या समाजाविषयी, गावाविषयी किंवा देशाविषयी ठरीव वाक्ये बोलली जातात? त्यांतल्या किती माणसांना आपण खरोखर ओळखतो?

२. आपण शेवटचे कोणा परक्याच्या घरी पोटभर जेवलो तो प्रसंग कोणता? त्या माणसांना आपल्या घरी बोलावले का?

३. ऑलपोर्टने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी आपल्या वाडीतल्या किंवा इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या संबंधात कोणती कमी पडते? ती भरून काढण्यासाठी या महिन्यात काय करता येईल?

४. एखादे जुने भांडण मिटवायचे असेल तर सत्य लपवावे लागते का? ओराडूरच्या उदाहरणावरून विचार करा.

आपला,
धर्मगुरू